मो हिचा ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’ : दुसऱ्या अल्बमला आपण नीट ऐकलं का?

सांजधून (धागाकर्ती)

‘लीन ऑन’ हे गाणं इथल्या बहुतेकांच्या कानावरून गेलं असणार. मेजर लेझर हा अमेरिकी गट आणि फ्रेंच निर्माता डीजे स्नेक यांचं, मार्च २०१५ मध्ये आलेलं. व्हिडिओ भारतात चित्रित झाला होता आणि त्यात राजवाड्यात नाचणारी, गाणारी मुलगी होती डेन्मार्कची गायिका मो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्पॉटिफायने ते तोवरचं सर्वाधिक ऐकलं गेलेलं गाणं म्हणून जाहीर केलं. गाणं जगभर पोचलं, पण ते गाणारी कोण, तिचं स्वतःचं काम काय, हे फार थोड्यांनी शोधलं. मला लिहायचंय ते तिच्या दुसऱ्या अल्बमबद्दल, १९ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’बद्दल.

थोडी पार्श्वभूमी. कारेन मारी ऑर्स्टेड हे तिचं नाव, जन्म १९८८ चा, फ्यून बेटावर ओडेन्स शहराजवळचा. लहानपणी स्पाइस गर्ल्सचं वेड, पुढे सॉनिक यूथ आणि पंक. मैत्रिणीबरोबर तिने ‘मोर’ नावाची पंक जोडी चालवली आणि फ्यूनच्या कला अकादमीत शिक्षण घेतलं. मार्च २०१४ मध्ये आलेला पहिला अल्बम ‘नो मिथॉलॉजीज टू फॉलो’ रॉनी विंदाल या निर्मात्याबरोबर केलेला आहे. ब्रासचे (पितळी फुंकवाद्यांचे) तुकडे, हिप-हॉपचे जड ठेके आणि त्यावर तिचा खरखरीत, बेपर्वा आवाज. तो ऐकून अनेकांनी, मीही त्यात आलेच, मनाशी ठरवलं होतं की ही बाई पुढे काय करते ते बघायचं.

आणि मग पुढचा अल्बम यायला साडेचार वर्षं लागली. म्हणजे मधल्या काळात ती गप्प होती असं नाही. २०१५ मध्ये ‘कामिकाझे’, २०१६ मध्ये ‘फायनल साँग’ आणि ‘ड्रम’, २०१७ मध्ये ‘नाइट्स विथ यू’. त्याशिवाय जस्टिन बीबरबरोबर मेजर लेझरचं ‘कोल्ड वॉटर’, जे ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सहा गाण्यांची एक ईपीही (अल्बमपेक्षा छोटा संच) आली. एवढं सगळं झाल्यावर अल्बम आला तेव्हा त्याच्या मूळ चौदा जागांत यातलं एकही गाणं नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे : हा अल्बम जिथे तिथे ‘लीन ऑन’च्या मापाने मोजला गेला आणि ते मापच त्याला लागू पडत नाही. समीक्षकांनी एकंदर बरं स्वागत केलं, पण बऱ्याच लेखांत एक सूर होता, की एवढी वाट पाहायला लावून हे का? रेडिओवर धुमाकूळ घालणारं गाणं यातून निघालं नाही, म्हणून लोकांच्या लेखी तो आला आणि गेला. पण सलग ऐकला तर हा एकाच विषयावरचा अल्बम आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये ती तीस वर्षांची झाली, दोन महिन्यांनी अल्बम आला. मोठं व्हायचं नाही, पण मोठं न होण्याचीही आता लाज वाटते, या मनःस्थितीत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत राहतो. ‘पर्पल लाइक द समर रेन’ या गाण्याची छोटी झलक सुरुवातीला येते आणि पूर्ण गाणं थेट शेवटी. शफल लावून ऐकणाऱ्याला ही बांधणी सापडणारच नाही.

ज्यांनी ऐकलाय त्यांनी जरूर लिहा. विरोधी मत असेल तर आधी लिहा.

कॉलेज_कट्टा

धाग्याबद्दल आभार, ताई. ‘लीन ऑन’ आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला इतक्यांदा वाजलं की त्याच्या मधल्या त्या ‘ए-ओ’ तुकड्यावर अख्खा हॉल एकदम उडी मारायचा. तो तुकडा कापलेल्या, वरच्या पट्टीत चढवलेल्या आवाजाचा आहे हे मला फार नंतर कळलं. गायिकेचं नाव तर आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, सगळे ‘मेजर लेझरचं गाणं’ असंच म्हणायचे. अल्बम आता लावतो आणि मग लिहितो.

अनवट

विरोधी मत आधी मागितलंत म्हणून लिहितो. मला पहिला अल्बम मनापासून आवडतो आणि त्यामुळेच दुसरा खुपतो.

‘पिल्ग्रिम’ आठवा. ब्रासची ती ढिली, डुलत येणारी ओळ, त्यावर जवळजवळ निरिच्छपणे गाणारी मो. ‘ग्लास’ आठवा, तरुणपण संपणार या भीतीचं गाणं. म्हणजे तुम्ही ज्याला दुसऱ्या अल्बमचा विषय म्हणता तो पहिल्यातच होता, आणि जास्त टोकदार होता. त्या अल्बमवर ती कुठल्याच चौकटीत बसत नव्हती. पंकमधून आलेली मुलगी पॉप करते आहे, आणि पॉप करताना तिच्या कोपऱ्यांना कुणी कानस मारलेली नाही, हे पहिल्या मिनिटात कळायचं.

‘फॉरएव्हर नेव्हरलँड’मध्ये कानस फिरली आहे. ‘सन इन अवर आइज’ घ्या. मेजर लेझरमधल्या डिप्लोबरोबरचं, जुलै २०१८ मध्ये अल्बमच्या आधी आलेलं. गाणं वाईट नाही, पण त्या उन्हाळ्यात तसल्या ठेक्याची आणि तसल्या चकचकीत सिंथची दहा गाणी सापडली असती. २०१५ मध्ये तो आवाज नवा होता आणि तो नवा करण्यात मो हिचाच वाटा होता. २०१८ पर्यंत सगळ्यांनी तो उचलला होता. स्वतःच घडवलेल्या लाटेत ती शेवटी पोचली, आणि तोवर लाट ओसरली होती. समीक्षकांची नाराजी मला रास्त वाटते.

सुरपेटी

अनवट यांचं ‘सन इन अवर आइज’बद्दलचं म्हणणं पटतं. तेवढ्यावरून अख्खा अल्बम बाजूला सारणं मात्र पटत नाही.

मी गाणं शिकवते, त्यामुळे आधी आवाजाकडे कान जातो. मो हिचा आवाज गोड नाही. खालच्या सप्तकात तो जाडसर, धुरकट लागतो आणि वर जाताना फाटायच्या बेतात येतो. पहिल्या अल्बमवर या आवाजाभोवती बरीच प्रतिध्वनीची धुकट चादर होती. एकावर एक रचलेले आवाज, सगळं थोडं लांबून ऐकू येतं. दुसऱ्या अल्बमवर तो पुढे आणलाय. ‘मर्सी’ ऐका, हेडफोन लावून. ‘व्हॉट सो नॉट’ हा निर्माता आणि ‘टू फीट’ हा गायक यांच्या साथीचं गाणं आहे, संथ, भरपूर मोकळी जागा असलेलं. तिथे ती सुरावर थेट उभी राहत नाही, थोडी खालून येते आणि ओळीच्या शेवटी आवाज सोडून देते. विद्यार्थिनीने असं केलं तर मी थांबवीन. इथे तो थकवाच गाण्याचा भाव आहे. पहिल्या अल्बमवर इतकं उघडं गाणं नाही.

आणि ‘ब्लर’! गिटारवर उभं असलेलं गाणं. तिच्यातली नव्वदच्या दशकातल्या रॉकवर वाढलेली मुलगी इथे सरळ सामोरी येते. मुखडा येतो तेव्हा ठेका वाढतो, पण आवाज चकचकीत होत नाही. कानस फिरली असती तर हे गाणं अल्बमवर आलंच नसतं.

कॉलेज_कट्टा

ऐकला, एकदा सलग. ‘ब्लर’ आणि ‘नॉस्टॅल्जिया’ लगेच आवडली. ‘आय वाँट यू’ थोडं निसटलं. मधे ‘वेस्ट हॉलिवूड’ नावाचा छोटा तुकडा येतो, तो कशासाठी आहे ते कळलं नाही.

कोपनहेगनकर

मी इथे नोकरीनिमित्त राहतो, त्यामुळे डेन्मार्कच्या बाजूने थोडं.

ओडेन्स कोपनहेगनहून आगगाडीने सव्वा-दीड तासावर. मधे समुद्र आहे, स्टोरबेल्टचा पूल ओलांडून जावं लागतं. हान्स क्रिश्चन अँडरसनचं जन्मगाव म्हणून पर्यटक तिथे जातात. शहर आटोपशीर आहे. तिथली पोरं बँड काढतात, ‘पोस्टेन’सारख्या ठिकाणी वाजवतात, आणि जमलं तर कोपनहेगनला ‘वेगा’पर्यंत पोचतात. वेगा म्हणजे वेस्टरब्रो भागातली मैफिलीची इमारत. ती १९५६ ची, मूळची कामगार चळवळीचं सभागृह होती, १९९६ पासून संगीतासाठी वापरतात. मो याच वाटेने आली आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. देशाची लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास. देशातल्या यादीत वर राहणारे अनेक कलाकार डॅनिश भाषेत गातात. रासमुस सीबाख, ‘द माइंड्स ऑफ ९९’ अशी नावं घ्या, देशाबाहेर यांना फारसं कुणी ओळखत नाही, इथे मोठमोठ्या मैदानांत लोक त्यांच्याबरोबर गातात. इंग्रजीत गाणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला घरच्या लोकांचा अभिमान मिळतो, पण रोजचं प्रेम मिळेलच असं नाही. जगात चाललं तर ‘आमची मुलगी’, नाही चाललं तर मग ती नक्की कुणाची, असा प्रश्न येतो. ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’ हा डॅनिश अल्बम म्हणून ऐकायचा की लॉस एंजेलिसचा म्हणून, हा घोळ इथल्या माझ्या काही सहकाऱ्यांच्या बोलण्यातही जाणवला. त्यातल्या एकीचं म्हणणं होतं की पहिल्या अल्बममध्ये तिला फ्यूनचा हिवाळा ऐकू यायचा आणि दुसऱ्यात येत नाही.

सांजधून (धागाकर्ती)

कोपनहेगनकर, तुमच्या सहकारी बाईंचं निरीक्षण फार चांगलं आहे, पण मी त्याचा अर्थ वेगळा लावते. दुसऱ्या अल्बममध्ये फ्यून नाही, कारण गाणारी तिथे नाही. ती लॉस एंजेलिसमध्ये आहे आणि तिथे आपण काय करतोय हे तिला नीटसं कळत नाहीये. नेव्हरलँड ही जेम्स बॅरीच्या पीटर पॅनची जागा, जिथे मुलं मोठी होत नाहीत. त्या गोष्टीत नेव्हरलँडला जाणं मजेचं आहे, पण तिथे राहून जाणारा पीटर शेवटी एकटा पडतो, हे आपण विसरतो. मो विसरत नाही. कॉलेज_कट्टा, ‘वेस्ट हॉलिवूड’चा तुकडा मला त्यासाठी गरजेचा वाटतो. गाण्यांच्या मधे त्या जागेचं नाव एकदा सरळ घेतलं जातं आणि मग लगेच ‘ब्यूटिफुल रेक’ सुरू होतं. मोडून पडण्यातही सौंदर्य शोधण्याची सवय लागलेल्या दोघांचं गाणं. अल्बमचा दुसरा भाग तिथून गडद होत जातो.

‘वे डाउन’ नाचायचं गाणं आहे असं वाटतं, पण शब्द ऐका. सगळं खाली चाललंय आणि आम्ही नाचतोय. ‘इमॅजिनरी फ्रेंड’ मला या अल्बमचं मर्म वाटतं. खरं जग झेपत नाही तेव्हा मनातला सोबती बरा, असं तिशीतली बाई म्हणते आहे, आणि म्हणताना तिला त्याची किंमतही ठाऊक आहे. अनवट, ‘ग्लास’मध्ये तरुणपण संपण्याची भीती होती हे अगदी खरं. पण ती पंचविशीतली भीती आहे, अजून काही घडलेलं नाही. इथे ते घडून गेलंय. हा एकाच विषयाचा पुढचा प्रकरणभाग आहे, पुनरावृत्ती नाही.

आणखी एक. या अल्बमच्या कामात स्टिंट या कॅनेडियन निर्मात्याचा मोठा हात आहे. त्याचं खरं नाव अजय भट्टाचार्य. गॅलंटसारख्या गायकाबरोबरचं त्याचं काम ऐकलं तर कळतं की मोठ्या आवाजाला मोकळी जागा ठेवायची त्याची पद्धत आहे. सुरपेटी ज्याबद्दल लिहितात तो पुढे आणलेला आवाज त्यातूनच आला असावा.

हिशेबनीस

संगीताबद्दल तुम्ही लोक लिहिताच आहात, मी आकड्यांच्या बाजूने लिहितो, कारण ‘चालला नाही’ हा शब्द बऱ्याचदा आकड्यांवरून येतो.

अमेरिकेच्या बिलबोर्डने डिसेंबर २०१४ पासून अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंग धरायला सुरुवात केली, ब्रिटनने मार्च २०१५ पासून. अमेरिकेत सुरुवातीचं सूत्र असं होतं की अल्बममधली गाणी मिळून १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला असं धरायचं. याचा परिणाम काय झाला? जुनं गाजलेलं गाणं अल्बममध्ये घातलं की त्याचं चालू ऐकणं अल्बमच्या खात्यावर जमा होतं. म्हणून त्या वर्षांत अनेक पॉप अल्बमच्या शेवटी वर्ष-दोन वर्षं जुनी हिट गाणी चिकटवलेली दिसतात. यादीतला क्रमांक त्याने हमखास सुधारतो.

आता मो हिच्याकडे बघा. ‘फायनल साँग’ ब्रिटनमध्ये पहिल्या वीसात गेलेलं गाणं. ‘कामिकाझे’, ‘ड्रम’, ‘नाइट्स विथ यू’, स्नेकहिप्सबरोबरचं ‘डोन्ट लीव्ह’, डिप्लोबरोबरचं ‘गेट इट राइट’. ही सगळी बाहेर ठेवली. ‘लीन ऑन’ आणि ‘कोल्ड वॉटर’ तर मेजर लेझरच्या नावावर, त्यांचा प्रश्नच नाही. म्हणजे या अल्बमने सगळं जमलेलं भांडवल बाजूला ठेवून शून्यापासून सुरुवात केली. धंद्याच्या दृष्टीने हा तोट्याचा निर्णय. कलेच्या दृष्टीने मला तो प्रामाणिक वाटतो. २०१५ ची गाणी २०१८ च्या कथेत घुसडली असती तर सांजधून म्हणतात ती बांधणीच राहिली नसती.

दुसरी गोष्ट पाहुण्या गायकाची. ‘मेजर लेझर, सोबत मो’ अशा नावाने गाणं येतं तेव्हा श्रोता मेजर लेझरचं पान उघडतो. कॉलेज_कट्टाच्या हॉलमध्ये जे झालं तेच जगभर झालं. पाहुणी म्हणून गाणाऱ्याचा आवाज प्रसिद्ध होतो, नाव मागे राहतं. अशा कलाकाराचा स्वतःचा अल्बम येतो तेव्हा कंपनीची अपेक्षा त्या प्रसिद्ध आवाजाएवढी असते आणि बांधलेला श्रोता मात्र त्या नावाएवढाच, म्हणजे बराच कमी.

अनवट

हिशेबनीस यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. यावर माझा एक प्रश्न : भांडवल बाजूला ठेवून शून्यापासून सुरुवात करायची होती, तर मग इतके पाहुणे कशाला? डिप्लो, व्हॉट सो नॉट, टू फीट, शिवाय चार्ली एक्ससीएक्स आणि एम्प्रेस ऑफ या गायिका. ज्या बाईचं नाव दुसऱ्यांच्या गाण्यांत हरवलं, तिच्याच अल्बमवर पुन्हा दुसऱ्यांची नावं.

‘रेड वाइन’मध्ये एम्प्रेस ऑफ चांगली गाते, पण त्या गाण्याने अल्बमला काय दिलं, हे मला अजून सापडलेलं नाही. लाल वाइन, उन्हाळा, हलका ठेका, संपलं. दुसऱ्या भागाचा गडदपणा सांगता आहात तर हे गाणं त्यात कसं बसतं?

सुरपेटी

‘रेड वाइन’बद्दल सहमत, माझ्याही यादीत ते तळाला आहे.

चार्लीचं मात्र वेगळं धरा. ‘ड्रम’ लिहिण्यात चार्लीचा हात होता. २०१७ मध्ये चार्लीच्या दोन मिक्सटेपवर मो गायली आहे, ‘थ्री एएम’ आणि ‘पोर्श’. दोघी एकमेकींच्या कामात वर्षानुवर्षं ये-जा करतात. ‘इफ इट्स ओव्हर’मध्ये दोघींचे आवाज ऐका : चार्लीचा टोकदार, धातूसारखा आणि मो हिचा धुरकट. कुणी कुणाला झाकत नाही. प्रसिद्धीसाठी बोलावलेला पाहुणा असा गात नाही. डिप्लोही असा ऐनवेळी आलेला नाही, पहिल्या अल्बममधल्या ‘एक्सएक्सएक्स ८८’वर तो होताच, म्हणजे ‘लीन ऑन’च्या आधीपासून.

निशिगंधा

डेन्मार्कच्या गायिकांचे दुसरे अल्बम हा मोठाच विषय आहे, म्हणून थोडं अवांतर.

ऑरा डिओनी बोर्नहोम बेटावर वाढलेली. तिचा दुसरा अल्बम ‘बिफोर द डायनासोर्स’ २०११ चा. त्यातलं ‘जेरोनिमो’ जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एका मोठ्या शेजारी बाजारपेठेने उचलून धरलं की गायिकेचं काय होतं, याचं ते उदाहरण. त्याच वर्षी ओह लँडचा दुसरा अल्बम आला, तिच्याच नावाचा. ती मुळात बॅलेची विद्यार्थिनी, पाठीच्या दुखापतीने नाच सुटला आणि गाण्याकडे वळली. त्या अल्बममधली ‘सन ऑफ अ गन’ आणि ‘व्हाइट नाइट्स’ अजूनही ताजी वाटतात. आणि मग अ‍ॅग्नेस ओबेलचा २०१३ मधला ‘अ‍ॅव्हेंटाइन’. पियानो, चेलो, कुजबुजल्यासारखा आवाज. बर्लिनमध्ये राहून तिने तो केला आणि पहिल्या अल्बमपेक्षा कणभरही मोठा, चकचकीत करायचा प्रयत्न केला नाही. तिथे तिला कुणी ‘पुढचं हिट कुठे’ असं विचारलं नाही, कारण तिने तसा सौदा कधी केलाच नव्हता.

मो हिची अडचण या तिघींपेक्षा वेगळी आहे. यांचं यश यांच्या नावावर होतं, लहान असो वा मोठं. मो हिच्या दुसऱ्या अल्बमवर तिच्या पहिल्या अल्बमचं ओझं कमी आणि दुसऱ्यांच्या गाण्यांचं ओझं जास्त होतं.

अजून एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’नंतर बरोब्बर एका आठवड्याने, २६ ऑक्टोबर २०१८ ला, स्वीडनची गायिका रॉबिन हिचा ‘हनी’ आला. आठ वर्षांनी आलेला अल्बम. उत्तर युरोपच्या पॉपवर लिहिणारी सगळी मंडळी त्या महिन्यात तिकडे वळली होती. मला ‘हनी’ अतिशय प्रिय आहे, तरी वाटतं की मो हिच्या वाट्याला निवांत ऐकणं आलं नाही, त्याला हेही एक कारण असावं.

कोपनहेगनकर

निशिगंधा, रॉबिनबद्दल लिहिलंत ते बरं झालं. इथेही ‘हनी’ची चर्चा जोरात होती.

मो हिच्याबाबत पुढे काय झालं तेही लिहितो, कारण त्याचा या अल्बमशी संबंध आहे. अल्बमनंतरच्या सततच्या दौऱ्यांनी ती पार थकली, आवाजाला इजा झाली, चिंतेचा त्रास सुरू झाला. हे तिनेच पुढे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलंय. ती डेन्मार्कला परतली. तिसरा अल्बम ‘मोटरड्रोम’ जानेवारी २०२२ मध्ये आला आणि २०२५ मध्ये चौथा. ‘मोटरड्रोम’मधलं ‘लिव्ह टू सर्व्हाइव्ह’ ऐकल्यावर मी मागे जाऊन ‘ट्राइंग टू बी गुड’ पुन्हा ऐकलं. पहिल्या ऐकण्यात ते मला साधंसं गाणं वाटलं होतं, चांगलं वागायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचं. नंतरचं कळल्यावर त्यातली दमछाक ऐकू येते. माझ्यापुरतं अल्बममधलं सगळ्यात खरं गाणं आता तेच आहे.

सांजधून (धागाकर्ती)

‘ट्राइंग टू बी गुड’ शेवटून दुसरं आहे, आणि त्याच्यामागून ‘पर्पल लाइक द समर रेन’ पूर्ण येतं, ही जागा फार विचार करून निवडली आहे असं मला वाटतं. दमलेला माणूस आधी बोलतो आणि मग सुरुवातीचं ते स्वप्न पुन्हा सुरू होतं, यावेळी अधिक लांब. कुणाला तो सुटकेचा शेवट वाटेल, मला तो पळून जाण्याचा वाटतो. दोन्ही वाटू शकतं, आणि पॉप अल्बमच्या शेवटी अशी जागा मोकळी ठेवणं मला धाडसाचं वाटतं.

अनवट, ‘रेड वाइन’ कसं बसतं याचं माझं उत्तर : ‘ब्यूटिफुल रेक’ आणि ‘इमॅजिनरी फ्रेंड’ या दोन जड गाण्यांच्या मधे ते आहे. गाणं म्हणून फारसं नाही, पण काढून टाकलं तर ती दोन एकमेकांवर आदळतील. सलग ऐकणाऱ्यासाठी ती श्वास घ्यायची जागा आहे. तरी तिथे याहून चांगलं गाणं असतं तर मला हवं होतं. तेवढं तुमचं खरं.

हिशेबनीस

एक शंका. ऑक्टोबर २०१७ ची सहा गाण्यांची ईपी, ‘व्हेन आय वॉज यंग’, तिचा विषयही हाच आहे ना? शीर्षकच तसं आहे. मग अल्बमपासून ती वेगळी का ठेवली असावी?

अनवट

यावर मी लिहितो, कारण ती ईपी मला अल्बमपेक्षा जास्त आवडते. ‘रूट्स’ आणि ‘रन अवे’ ऐका. पहिल्या अल्बमचा ओबडधोबडपणा त्यात शिल्लक आहे. माझ्या मते ती पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममधला खरा दुवा आहे. त्यातली तीन गाणी घेऊन आणि ‘सन इन अवर आइज’, ‘रेड वाइन’ वगळून अल्बम केला असता तर मी आज इथे विरोधी बाजूला नसतो. सांजधून यांच्यामुळे अल्बम पुन्हा दोनदा सलग ऐकला. ‘मर्सी’ आणि ‘इमॅजिनरी फ्रेंड’ यांच्याबद्दल माझं मत वर गेलंय, निर्मितीबद्दलचं तिथेच आहे.

कॉलेज_कट्टा

मला ही सगळी गाणी नवीन आहेत. सुरुवात कुठून करू? पहिला अल्बम आधी की दुसरा?

सुरपेटी

पहिला आधी घे. त्यात ‘पिल्ग्रिम’, ‘ग्लास’ आणि ‘डोन्ट वॉना डान्स’ नक्की. मग अनवट म्हणतात ती ईपी, आणि मग ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता. शफल बंद कर. ‘मर्सी’ला साधे स्पीकर नकोत, हेडफोन लाव. खालच्या पट्टीतला तिचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर अर्धा गळतो. ‘मोटरड्रोम’ त्यानंतर ऐकलंस तर कोपनहेगनकर काय म्हणतात तेही तुला पडताळून पाहता येईल. ऐकून झालं की इथेच लिही, ‘ब्लर’बद्दल अजून कुणी सविस्तर लिहिलेलं नाही.